मुक्तागिरीला मुक्काम ठेवूनच जावे

नागपूरहून मुक्तागिरीला दोन वेळा जाऊन आल्यावर माझे मत पक्के झाले आहे की या सिद्धक्षेत्राची, म्हणजे जिथून मुनी मोक्षाला गेले अशा जैन तीर्थाची, वंदना एका दिवसात उरकण्याच्या बेताने कोणी करू नये, आणि चिखलदऱ्याच्या सहलीला जोडून तर मुळीच करू नये. पहिली यात्रा आम्ही फाल्गुनात एका खासगी वाहनसेवेमार्फत केली आणि दुसरी त्यानंतर आलेल्या कार्तिकात, घरच्या गाडीने, धर्मशाळेत एक रात्र राहून. दोन्ही खेपांना माझी ७१ वर्षांची आई सोबत होती, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे तिच्या चालीने पाहिलेले आहे.

ज्यांनी हे स्थान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुक्तागिरी कागदोपत्री मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्याच्या भैंसदेही तहसिलीत येते. पण तिथे जायचे ते परतवाड्यावरून, म्हणून विदर्भातल्या जैन कुटुंबांना ते आपल्याच अंगणातले वाटते. सातपुड्याच्या एका खोल घळीत, उंच कड्याच्या कुशीत आणि धबधब्याच्या अल्याड-पल्याड पांढऱ्या शिखरांची आणि घुमटांची ५२ दिगंबर जैन मंदिरे आहेत. मोक्षस्थळांना वंदन करणाऱ्या प्राकृत निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येला असलेल्या मेंढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेल्याचे म्हटले आहे, तो पहाड हाच. मेंढागिरी या नावामागची कथा आमच्याकडे लहानपणीच सांगितली जाते: ध्यानस्थ मुनींच्या समोर कड्यावरून एक मेंढा कोसळला, मुनींनी त्याच्या कानी जैनांचा णमोकार मंत्र घातला, तो मरून देवगतीला गेला, म्हणजे देव झाला, आणि त्याने कृतज्ञतेने येथे मोत्यांचा, म्हणजे मुक्तांचा, वर्षाव केला. मंदिरे बहुतांशी अलीकडच्या काही शतकांतली आहेत आणि त्यांच्या घुमटांवर मुस्लिम वास्तुशैलीची छाप स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकातील वास्तुकलेचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनीही मुक्तागिरीची दखल घेताना हे नोंदवले आहे. वास्तूंचे वय पाहून कोणी नाराज होऊ नये, कारण येथे वंदना होते ती त्या भूमीची.

आता पहिल्या खेपेविषयी. वाहनसेवेचे नाव मी घेत नाही, कारण अशा ‘एका दिवसात दोन स्थळे’ सहली अनेक जण नेतात आणि चूक त्या आखणीतच आहे. पहाटे चारला निघायचे ठरले होते, गाडी आली पावणेसहाला. अमरावतीत चहा-नाश्त्यासाठी पाऊण तास गेला. परतवाडा ओलांडून पायथ्याशी पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले होते आणि पायऱ्या तापायला लागल्या होत्या. पहाडावर अनवाणी जायचे असते. फाल्गुनातल्या दुपारी त्या दगडावर पाय ठेवणे वयस्कर माणसाला किती जड जाते, हे सहल आखणाऱ्याने एकदा स्वतः चढून पाहायला हवे. धबधबा कोरडा पडला होता. तिसाव्या मंदिराच्या सुमाराला चालकाचा फोन आला, ‘मावशींना घेऊन लवकर उतरा, अजून चिखलदरा करायचा आहे.’ आई काहीही न बोलता उतरली.

यात्रेला निघण्याच्या आदल्या रात्री आईने एका स्टीलच्या डबीत तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून भरले होते. प्रत्येक मंदिरात तांदळाचे पाच पुंज, म्हणजे छोटे ढीग, चढवायचे, म्हणून बावन्न मंदिरांना पुरतील एवढे तिने मुठीने मोजून घेतले होते. रात्री उशिरा घरी परतल्यावर तिने डबी उघडली तेव्हा त्यात जवळजवळ अर्धे तांदूळ शिल्लक होते. देवासाठी काढलेले ते तांदूळ परत घरच्या डब्यात घालता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने ते इतवारीतल्या आमच्या मंदिरात चढवले, आणि तेव्हाच मी ठरवले की कार्तिकात पुन्हा जायचे आणि कोणाच्याही घड्याळावर जायचे नाही.

दुसऱ्या खेपेला आम्ही काटोल, वरूड, मोर्शी हा मार्ग धरला. अमरावतीचा महामार्ग रुंद आहे आणि ज्यांना वेगाने पोहोचायचे आहे त्यांनी तोच घ्यावा. पण वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागांमधून जाताना पाच तासांचा प्रवास अंगावर येत नाही. दुपारी तीनच्या आत पायथ्याशी पोहोचावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. भोजनशाळेतले संध्याकाळचे जेवण जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी होते. उशिरा पोहोचणाऱ्याला उपाशी राहावे लागते आणि मग तो विनाकारण व्यवस्थेला दोष देतो. आमच्या ताटात गरम पोळी, दुधीची भाजी, मुगाचे वरण आणि भात होता. कांदा, लसूण, बटाटा नाही हे सांगायलाच नको. वाढणारे गृहस्थ आईजवळ थांबून, तिला दात नाहीत हे पाहून, पोळीचा मऊ भाग वेगळा काढून देत होते. खोली साधी, पण फरशी स्वच्छ पुसलेली होती आणि अंथरूण धुतलेले होते. हॉटेलची अपेक्षा घेऊन जाणाऱ्याने धर्मशाळा म्हणजे काय याचा आधी विचार करावा. यात्रेकरूला जेवढे लागते तेवढे आम्हाला तिथे मिळाले.

रात्री पायथ्याच्या मंदिरात आरती झाल्यावर बाहेर काळोख आणि पाण्याचा बारीक आवाज एवढेच उरले. कार्तिकात धबधब्याची धार सडपातळ होते, पण ऐकू येते. फाल्गुनात या आवाजाची आम्हाला कल्पनाही नव्हती.

पहाटे साडेपाचला आम्ही पायऱ्या चढू लागलो. झारखंडातल्या सम्मेद शिखरजी या तीर्थाच्या २७ किलोमीटरच्या वंदनेपुढे हा चढ काहीच नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही तो सावकाश झेपतो. अगदीच न झेपणाऱ्यांना डोलीचा आधार घेता येतो. आईने डोली नाकारली. दर पंधरा-वीस पायऱ्यांवर ती कठड्याला हात टेकून थांबायची, णमोकार म्हणायची आणि पुन्हा निघायची. मंदिरांना क्रमांक असल्यामुळे चुकण्याची भीती नाही. काही मंदिरे इतकी लहान आहेत की दारातूनच वाकून दर्शन घ्यावे लागते, आणि काहींत दोन-चार जण निवांत बसून स्तवन म्हणू शकतात. कड्यात कोरलेल्या मेंढागिरीच्या मंदिरात बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही; डोळे सरावले की आधी खांब दिसतात आणि मग हळूहळू प्रतिमा. घाईत असलेला माणूस डोळे सरावण्याआधीच बाहेर पडतो. पहिल्या खेपेला आमचेही तसेच झाले होते.

सव्विसावे मंदिर भगवान पार्श्वनाथांचे, सप्तफणी प्रतिमेचे. अष्टमी-चतुर्दशीला येथे केशराचे थेंब पडतात अशी भाविकांची श्रद्धा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा अभिषेक चालू होता. धोती-दुपट्टा नेसलेले चौघे जण कलश घेऊन उभे होते आणि पाण्याची धार फण्यांवरून खांद्यांवर, तिथून मांडीवर ठेवलेल्या तळव्यांवर उतरत होती. गंधोदकाची, म्हणजे अभिषेकाच्या पाण्याची, वाटी पुढे आली तेव्हा आईने दोन बोटे बुडवून आधी कपाळाला, मग दोन्ही डोळ्यांना आणि शेवटी मानेला लावली, आणि उरलेली ओल माझ्या कपाळावर टेकवली. मला पन्नाशी उलटली आहे. तरी तिने मला लहान असल्यासारखे जवळ ओढले. त्या मंदिरात आम्ही पाऊण तास बसलो. खाली कोणीही आमची वाट पाहत नव्हते.

बावन्नावे मंदिर झाले तेव्हा दहा वाजायला आले होते आणि डबीत मोजून सात-आठ दाणे होते. तेही तिने तिथेच वाहिले.

एका गोष्टीची खंत मात्र मनापासून मांडतो. सुटीच्या दिवशी धबधबा पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते. निसर्ग सर्वांचा आहे आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागतच आहे. परंतु मंदिराच्या ओट्यावर मोबाईलवर गाणी लावून व्हिडिओ काढणे, वेफर्सची पाकिटे कड्यावरून खाली टाकणे आणि माकडांना ती दाखवून चिडवणे, हे जिथे मुनींनी देह ठेवला अशा जागी पाहवत नाही. आमच्या देखत एका आजोबांनी वाकून तीन पाकिटे उचलली आणि खिशात घातली. ज्यांची ती होती त्यांनी पाहिलेही. सोबत एक कापडी पिशवी न्यावी आणि आपला कचरा पायथ्याशी घेऊन उतरावे, एवढी अपेक्षा फार नाही.

ऋतूविषयी विचाराल तर दिवाळीनंतरचे चार-सहा आठवडे सर्वांत चांगले. पावसाळ्यात धबधबा भरात असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि वयस्करांना घेऊन जाणे धोक्याचे ठरते. उन्हाळ्यात जायचेच झाले तर नऊच्या आत वंदना आटोपावी. चामड्याच्या वस्तू, पट्टा आणि पाकीट धरून, खोलीवरच ठेवाव्यात. खोलीची चौकशी आधी फोनवर करावी, विशेषतः शनिवार-रविवार आणि पर्वतिथी जवळ असतील तर. एसटीने जाणाऱ्यांनी परतवाड्यापर्यंत बसने जाऊन पुढचे १५ किलोमीटरच्या आतले अंतर ऑटोने करावे. परतीचा ऑटो तेव्हाच ठरवून ठेवावा.

आणि ज्यांना वाहनसेवेनेच जावे लागते, कारण घरात गाडी नाही किंवा चालवणारे कोणी नाही, त्यांनी पैसे देण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: पायथ्याशी रात्रीचा मुक्काम आणि सकाळी पहाडावर किमान पाच तास. यावर जो सहल नेणारा कां-कूं करील, त्याच्याबरोबर आई-वडिलांना पाठवू नये.