फूट स्पाचा टब: आराम आणि त्याच्या आधीनंतरची मेहनत

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आरामाच्या साधनांच्या खोक्यावर आराम किती मिनिटांचा, हे ठळक छापलेले असते. तो मांडायला आणि आवरायला किती वेळ जातो, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. पाणी तापवणारा, तळाशी रोलर आणि बुडबुड्यांची सोय असलेला विजेवरचा फूट स्पाचा टब काही महिने वापरल्यावर मला त्याला याच कसोटीवर तपासावेसे वाटते. ऑफिस आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या बाईला स्वतःसाठी अर्धा तास मोठ्या मुश्किलीने मिळतो, आणि त्यातला निम्मा उचलठेव करण्यात जाणार असेल, तर असले यंत्र लवकरच माळ्यावर जाऊन पडते.

पाय शेकण्याचा फायदा निव्वळ मनाचा समज नाही. पाय गरम झाले की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडू लागते आणि आतले तापमान किंचित उतरले की झोप लवकर येते. हातापायांची ऊब आणि लवकर लागणारी झोप यांचा संबंध १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधात मांडला गेला होता. पुढे २०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने, झोपण्यापूर्वी एक ते दोन तास, अगदी १० मिनिटे केलेले स्नानही उपयोगी पडते असे दिसले. म्हणून टबात पाय सोडायचे ते डोळे मिटायला लागल्यावर नव्हे, तर त्याच्या तासभर आधी.

आता हीटरविषयी. टबात साधारण ६ लिटर पाणी मावते आणि हीटर ५०० वॅटचा आहे. २५ अंशांचे पाणी ४० अंशांवर न्यायला या हीटरला, उष्णता जराही वाया गेली नाही असे धरले तरी, साडेबारा मिनिटे लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. त्यामुळे गार पाणी ओतून बटण दाबावे आणि बसावे, हे जाहिरातीतले चित्र विसरलेले बरे. गीझरचे गरम पाणी भरले, तर मात्र हीटर ते शेवटपर्यंत निवू देत नाही, आणि साध्या टबापेक्षा या यंत्राचे मोल आहे ते इथेच.

बुडबुडे सुरू केले की आवाज इतका होतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे अवघड, शिवाय पाणीही लवकर निवते. रोलरवर पाय आपणच पुढेमागे करायचे असतात. टाचांना बरे वाटते, पण त्याला मसाज म्हणणे जरा धाडसाचे आहे. तळाच्या लाल दिव्याचा मला तरी काही उपयोग आढळला नाही.

खरी परीक्षा आहे ती नंतर. ६ लिटर पाणी म्हणजे ६ किलो वजन, त्यात टबाचे स्वतःचे, आणि हे सगळे सैलावलेल्या पायांनी, ओल्या फरशीवरून, हिंदकळू न देता मोरीपर्यंत न्यायचे. रोलरच्या फटींत मऊ झालेली मृत त्वचा आणि केस अडकतात. ते काढून टब कोरडा केला नाही, तर दुसऱ्या दिवशी वास येतो. मीठ किंवा तेल घालण्यास माहितीपत्रकातच मनाई आहे.

एक फायदा मात्र कुठल्याही जाहिरातीत नाही. पाय घोट्यांच्या वर पाण्यात असताना कोणी हाक मारली तरी बाईला उठता येत नाही, आणि हे घरातल्यांनाही समोर दिसत असल्याने हाका आपोआप कमी होतात. पुस्तक घेऊन बसलेल्या बाईला ही सवलत सहसा मिळत नाही. फोन तेवढा हाताच्या अंतरावर ठेवू नये.

केवळ पाय शेकायचे असतील, तर प्लास्टिकचा साधा टब पुरेसा आहे. विजेचाच हवा असेल, तर बुडबुडे आणि दिवे न मोजता खाली चाके आणि पाणी सोडण्याची नळी आहे का, ते आधी पाहावे. माझ्या टबाला दोन्ही नाहीत, म्हणून पाचपैकी तीन गुण. प्लग कोरड्या हातांनीच लावावा व काढावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाणी पोळते आहे हेच कळत नाही, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा टब वापरू नये.