रबरी पट्ट्यांचा संच : दोन वर्षे वापरून झाल्यावर

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझ्या लक्षात आले, की बसक्या खुर्चीतून उठताना माझे दोन्ही हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांकडे जातात आणि ते मुद्दाम छातीशी धरून ठेवले, तर पहिल्या प्रयत्नात उठणे जमत नाही. याचे मला फार वाईट वाटले, कारण त्याआधीची कित्येक वर्षे मी रोज सकाळी पाऊण तास न चुकता चालत होते आणि आपली तब्येत आपण राखली आहे अशी माझी खात्री होती. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी गेले, त्यांनी एका साध्या खुर्चीवर बसवून, हातांची घडी छातीशी घालायला लावून, तीस सेकंदांत मला किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजले. माझा आकडा नऊ आला. ६५ ते ६९ या वयोगटातील स्त्रीचा आकडा अकराच्या खाली गेला, तर तो सरासरीपेक्षा कमी समजतात आणि अशा व्यक्तीला पडण्याचा धोका अधिक आहे असे मानतात. बाईंनी मला घाबरवले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "चालणे सोडू नका, पण चालण्याने स्नायूंना ओझे मिळत नाही, ते वेगळे द्यावे लागेल." हे ओझे घरच्या घरी देता यावे म्हणून मी पाच रबरी पट्ट्यांचा एक संच घेतला. आता दोन वर्षे झाली आहेत आणि या वयात असा संच घ्यावा की नाही, घेतल्यास काय पाहावे, हे अनुभवाने सांगता येईल असे वाटते.

आधी हे ओझे हवे कशाला ते सांगते, कारण त्याशिवाय या वस्तूचे गुणदोष कळणार नाहीत. वय वाढते तशी स्नायूंची जाडी आणि ताकद कमी होत जाते. या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव १९८९ साली अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले. त्यातही चटकन आकुंचन पावणारे जे स्नायुतंतू असतात, ते अधिक झिजतात. तोल गेला असता पाय झटकन पुढे टाकून सावरायला नेमके तेच लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरील लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल एवढेच सांगून थांबलेले नाहीत. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोन्हींवर भर देणारा व्यायाम करावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मी यातला फक्त पहिला भाग करत होते, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक समवयस्कही तेवढाच करतात.

संचात साधारण दीड मीटर लांबीचे, हाताच्या पंजाएवढे रुंद असे पाच सपाट पट्टे आले, सोबत एक कापडी पिशवी, दारात अडकवायचा एक पट्टा आणि घडी घातलेले एक माहितीपत्रक. दुकानांत बंद वळ्यासारखे आखूड पट्टे आणि मुठी लावलेल्या रबरी नळ्याही मिळतात. सपाट पट्टा मी निवडला तो एका कारणासाठी : तो हाताभोवती गुंडाळून हवा तेवढा आखूड करता येतो, आणि म्हणून एकाच पट्ट्याने जोर थोडा कमी, थोडा जास्त करता येतो. माझ्या वयाच्या माणसाला ही बारीक पायरी फार मोलाची आहे. लोखंडी डंबेलमध्ये एका वजनावरून दुसऱ्यावर जाताना जी उडी घ्यावी लागते, ती खांद्याला झेपत नाही. इथे मुठीभोवती अर्धा वेढा वाढवला की पुरते.

पट्ट्याचा जोर तो किती ताणला यावर अवलंबून असतो. थेराबँड या जुन्या नावाजलेल्या कंपनीच्या तक्त्याप्रमाणे पिवळा पट्टा दुप्पट लांबीपर्यंत ताणल्यावर सुमारे १.३ किलोचा जोर देतो आणि त्याच कंपनीचा काळा पट्टा सुमारे ३.३ किलोचा. पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा हा त्यांचा चढता क्रम फिजिओथेरपिस्ट मंडळींच्या तोंडी असतो. मात्र इतर कंपन्यांवर तो बंधनकारक नाही, आणि माझी पहिली तक्रार इथेच आहे. मी घेतलेला संच दुसऱ्या एका कंपनीचा होता. त्यात सर्वांत हलका पट्टा हिरवा निघाला, आणि कोणता पट्टा किती जोराचा हे कुठेही छापलेले नव्हते. फक्त 'हलका', 'मध्यम', 'जड' असे शब्द होते. माझ्या यजमानांना मोजमापाची आवड आहे. त्यांनी प्रत्येक पट्ट्यावर पेनाने पन्नास सेंटिमीटरवर खुणा केल्या, एक टोक सामान तोलायच्या आकड्याच्या काट्यात अडकवले आणि खुणांमधले अंतर बरोबर एक मीटर होईपर्यंत पट्टा ओढला. लाल पट्ट्याने १.९ किलो दाखवले, निळ्याने २.१, आणि त्यापुढच्या काळ्याने एकदम ४.३. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यांत नावापुरताच फरक, आणि तिसऱ्यानंतर दुपटीची उडी. चार महिने मी लाल सोडून निळ्यावर आले याचा आनंद मानत होते, तेव्हा प्रत्यक्षात जवळपास तिथेच होते. ज्यांना असा संच घ्यायचा आहे त्यांनी किलोचे आकडे छापलेलाच घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आकड्यांचा एवढा आग्रह का, तर ओझे वाढत गेले नाही तर ताकदही वाढत नाही. बोस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने मला हे पटवले. त्यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, वयाने ८६ ते ९६ या दरम्यानच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा चांगला जड व्यायाम करून घेतला, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एकाला शेवटी तसे उठता येऊ लागले. हा अभ्यास वजनांचा होता, रबरी पट्ट्यांचा नव्हे, आणि तो देखरेखीखाली झाला होता, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. पण नव्वदीतही स्नायू ओझ्याला दाद देतात, हे त्यातून दिसले, आणि हलका हिरवा पट्टा घेऊन वर्षानुवर्षे हात हलवत बसलो तर फारसे काही मिळणार नाही, हेही त्यातूनच समजले. शेवटची दोन आवर्तने नेटाने करावी लागली पाहिजेत आणि तरीही पाठ वाकता कामा नये, ही खूण बाईंनी मला दिली होती. बारा आवर्तने सहज होऊ लागली, की मी मुठीभोवती एक वेढा वाढवते.

मी आठवड्यातून तीन दिवस, अर्ध्या तासाच्या आत, पट्टे घेऊन बसते. पाय पुढे पसरून तळव्यांभोवती पट्टा घालायचा आणि कोपरे अंगाशी ठेवून मागे खेचायचा, हा पाठीचा व्यायाम माझ्या सर्वांत उपयोगी पडला. पुढे झुकलेले खांदे त्याने मागे आले, असे घरच्यांनी आपणहून सांगितले. पट्टा पाठीमागून काखेखालून घेऊन पुढे ढकलणे, खुर्चीत बसून तळव्याने पट्टा दाबत गुडघा सरळ करणे आणि घोट्यांच्या वर बांधून आडव्या पावलांनी चालणे, एवढेच बाकीचे प्रकार. खेचताना नव्हे, तर सोडताना खरी कसोटी असते. रबराला मागे पळायची घाई असते, आणि तीन अंक मोजत त्याला हळूहळू परत नेणे हाच अर्धा व्यायाम आहे. ते अंक मोठ्याने मोजावेत, असे मी सुचवेन. त्यामुळे श्वास कोंडला जात नाही. जोर लावताना श्वास रोखला तर रक्तदाब एकाएकी वाढतो. माझ्या यजमानांना रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे डॉक्टरांना विचारूनच त्यांनी सुरुवात केली, आणि ही मोजण्याची सवय त्यांना पहिल्या दिवसापासून लावली.

मांड्यांच्या बाबतीत मात्र हा संच कमी पडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पायांचे स्नायू रोज सगळ्या शरीराचा भार उचलतात. त्यांना दोन-चार किलोंचा ताण पुरत नाही. माझा खुर्चीचा आकडा नऊवरून चौदावर आला आहे, पण त्याचे श्रेय मी पट्ट्यांना थोडे आणि खुर्चीतून हात न टेकता सावकाश उठण्या-बसण्याच्या दहा-दहाच्या फेऱ्यांना जास्त देते. तोलासाठीही पट्ट्यांचा उपयोग बेताचाच. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला 'ओटागो' व्यायामक्रम ज्येष्ठांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी करतो असे दिसून आले आहे. त्यात घोट्याला वजने बांधून करायच्या व्यायामाबरोबर एका पायावर उभे राहणे, टाच-चवडा जुळवत चालणे, मागे चालणे असे प्रकार मुद्दाम घातले आहेत. मीही खुर्चीची पाठ हाताशी ठेवून एका पायावर उभी राहते. त्याला कोणताही संच लागत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल, जिथे माझी सर्वांत मोठी नाराजी आहे. अकरा महिन्यांनी एकदा पाठीचा व्यायाम करताना लाल पट्टा तळव्याजवळ तुटला आणि त्याचे टोक माझ्या गालावर, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर बसले. चष्मा होता म्हणून निभावले. वळ चार दिवस होता. नंतर पट्टा उजेडात धरून ताणून पाहिला तेव्हा कडेपासून जरा आत मोहरीएवढी चीर आणि तिच्या भोवती पांढुरक्या बारीक भेगांचे जाळे दिसले. पट्टा खिडकीजवळच्या खुंटीला टांगलेला असायचा आणि हाताला क्रीम लावून मी तो वापरायचे. नैसर्गिक लॅटेक्स ऊन आणि तेलकट पदार्थ या दोन्हींनी खराब होते, हे मला माहीत नव्हते, आणि माहितीपत्रकाने ते सांगितले नव्हते. अशा पट्ट्यांमुळे डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. इतक्या महत्त्वाच्या सूचनेला माहितीपत्रकात एका ओळीची जागा मिळू नये, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी आधी पट्टा उजेडासमोर ताणून पाहते, हात कोरडे करते, तळव्यांभोवती एकाऐवजी दोन वेढे घेते आणि चेहरा पट्ट्याच्या रेषेत येऊ देत नाही. पट्टे कपाटात, थोडी टाल्कम पावडर भुरभुरून ठेवते. दारात अडकवायचा पट्टा मी बाजूलाच ठेवला, कारण दार आपल्याकडे उघडणारे असेल तर तो निसटून अंगावर येऊ शकतो. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी लॅटेक्सविरहित पट्टेच मागून घ्यावेत, तेही मिळतात.

माहितीपत्रकातील सगळी चित्रे पंचविशीतल्या तरुणांची आहेत. अक्षर इतके बारीक, की भिंग लागते. सुरुवात कोणत्या पट्ट्याने करावी, दुखऱ्या गुडघ्याने काय टाळावे, याबद्दल एक शब्द नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन बैठकांत जे हाताला धरून शिकवले, ते या कागदावरून मला कधीच आले नसते, आणि केवळ या संचाच्या भरवशावर कोणी सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

बोटांची गोष्ट राहिली. माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दुखणे आहे आणि पातळ पट्टा घट्ट धरला की ते जागे होते. टोकाला गाठ मारून पाहिली, पण गाठीपाशी रबर लवकर झिजते. शेवटी मऊ कापडी मुठी वेगळ्या घेतल्या आणि पट्टा त्यांतून ओवला. हे जमल्यावर माझा व्यायाम मधे बंद पडायचा थांबला. संधिवात असलेल्यांनी मुठींसकटच खरेदी करावी.

हाच संच मी पुन्हा घेईन का, याचे उत्तर नाही असे आहे; पण सपाट रबरी पट्टे नक्की घेईन, सुटे, किलोचे आकडे छापलेले आणि फक्त तीन. तुटलेल्या लाल पट्ट्याच्या जागी मी तसाच एक सुटा घेतला आहे आणि त्याच्या टोकाला न पुसणाऱ्या पेनाने वापर सुरू केल्याची तारीख लिहिली आहे, म्हणजे दहा महिने झाले की तो बदलता येईल. काळा पट्टा अजून मला जड जातो, म्हणून लाल आणि निळा एकत्र धरून मी ती मधली पायरी भरून काढते. हलका हिरवा पट्टा यजमानांकडे गेला आहे. गेल्या महिन्यात तेही त्याला मुठीभोवती एक वेढा वाढवू लागले आहेत.