कळसूबाईच्या पावसात जॅकेट, पॉन्चो आणि बूट: काय कामाला आलं

जुलै-ऑगस्टमध्ये कळसूबाई नाहीतर हरिश्चंद्रगड ठरला की ग्रुपवर पहिला प्रश्न हाच, जॅकेट कुठलं घेऊ? मग कोणीतरी आठ-दहा हजारांच्या मेंब्रेनवाल्या (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ थर असलेल्या) जॅकेटची लिंक टाकतं आणि लगेच दुसरा म्हणतो, कशाला पैसे घालवतोस, रस्त्यावरचा रेनकोट घे. मी गेले काही पावसाळे या दोन्ही टोकांचं सामान वापरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. सह्याद्रीच्या पावसात चालताना तुम्ही ओले होणारच, बाहेरून पावसाने नाहीतर आतून घामाने, त्यामुळे ओलं असताना अंगात ऊब टिकते का आणि रात्री बदलायला कोरडे कपडे उरतात का, एवढंच बघून खरेदी करा.

थंडी कुठे असते आपल्याकडे पावसाळ्यात, असं वाटत असेल तर हिशोब बघा. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, म्हणजे मुंबईत २७ असेल तर माथ्यावर १७ च्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण चिंब भिजलेला माणूस, त्यावर वारा, आणि देवळापाशी पोचल्यावर अर्धा तास नुसतं उभं राहणं, यात दातावर दात आपटायला लागतात. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. हायपोथर्मिया, म्हणजे अंगाचं तापमान धोक्याइतकं उतरणं, व्हायला बर्फ लागत नाही, बोलणं अडखळायला लागलं, बोटांना बटण लावता येईना, की त्या माणसाला ताबडतोब आडोशाला न्यायचं आणि ओले कपडे उतरवायचे.

आता जॅकेट. माझ्याकडचं एका मोठ्या ब्रँडचं आहे, लेबलवर १०,००० मिमी वॉटर कॉलम. म्हणजे कापडावर १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. साध्या जॅकेटवर हा आकडा २,००० च्या आसपास असतो, डेकॅथलॉनमध्ये बऱ्याच जॅकेटच्या माहितीत तो दिलेलाच असतो त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या तुलना करता येते. उभ्या पावसाला २,००० पण पुरतं, प्रश्न येतो सॅकच्या पट्ट्यांखाली, तिथे कापड दाबलं जातं आणि खांद्यावर पहिली ओल तिथेच लागते. पण आकड्याच्याही आधी जॅकेट उलटं करा आणि शिलाया बघा, प्रत्येक शिलाईवर आतून बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी चिकटवलेली पाहिजे. ती नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार, मग कापड कितीही भारी असो. माझ्या जॅकेटच्या शिलाया पक्क्या आहेत, मोठ्या पावसातही शिलाईतून थेंब आला नाही.

पण कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. शिडी चढताना हात डोक्याच्या वर जातात, वरून रेलिंगवरचं पाणी तळहातावर येतं, तळहातावरून मनगट, मनगटावरून बाही, आणि सरळ काखेत. एक शिडी संपेपर्यंत आतला टीशर्ट कोपरापर्यंत ओला. मनगटाला नुसतं इलॅस्टिक असलेली जॅकेटं इथे मार खातात. वेलक्रोची पट्टी हवी, तीही घट्ट ओढता येईल अशी. माझ्या जॅकेटला वेलक्रो आहे आणि त्यासाठी त्याला पूर्ण मार्क.

श्वास घेणारं कापड म्हणून जे विकतात त्याचं मात्र आपल्याकडे फार काही होत नाही. ते मेंब्रेन चालतं आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकावर, आत जास्त बाहेर कमी असेल तर घामाची वाफ बाहेर जाते. थंड कोरड्या हवेत, हिमालयात वगैरे, ते झकास चालतं. जुलैत हरिश्चंद्रगडाच्या पाचनईकडच्या वाटेवर बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली, फरक उरतोच कुठे, त्यात वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की वाफ अडकलीच. तासाभराच्या चढाईनंतर झिप उघडली तेव्हा आत भिजलेले आणि बाहेर भिजलेले यात फरक करता येत नव्हता. त्यामुळे काखेत झिप असलेलं जॅकेट मिळत असेल तर मेंब्रेनपेक्षा त्या झिपेला पैसे द्या, मी मनापासून सांगते.

पॉन्चो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, हा खरा आपल्या पावसाचा कपडा. सॅकसकट अंगावर घ्यायचा, खालून वारा खेळता राहतो, घाम साठत नाही, आणि किंमत जॅकेटच्या तुलनेत काहीच नाही. सपाटीला आणि जंगलातल्या वाटेला याच्यासारखं दुसरं काही नाही, थांबल्यावर त्याच्यात गुडघे घेऊन बसता येतं, डबा पण आतल्या आत खाता येतो. अडचण दोन ठिकाणी. शिडीवर किंवा कातळातल्या पावठ्यांवर खाली पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात तो उलटा होऊन तोंडावर येतो, जे शिडीवर झालं तर धोक्याचंच. उपाय म्हणजे कमरेला नाडी बांधायची आणि पुढचा पदर नाडीत खोचायचा. बाजूला बटणं असलेला पॉन्चो घ्या, नुसतं मधे भोक पाडलेलं प्लास्टिक पहिल्याच करवंदीच्या जाळीत फाटतं.

भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतात ते इरलं बघितलंय का कोणी जवळून? बांबूच्या कामट्या आणि पानं, डोकं आणि पाठ झाकलेली, हात मोकळे, पोटाकडून हवा आरपार. वाकून काम करणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगलं व्हेंटिलेशन कुठल्याही जॅकेटला नाही. आणि धनगरांची घोंगडी, तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की वारा आत शिरत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी पिते तरी अंगाला ओली लागत नाही आणि ऊब धरून ठेवते. ट्रेकला घेऊन जायला जड पडते, पण गुराख्याच्या अंगावर ती आजही का आहे ते एकदा पावसात त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर कळतं.

आत काय घालायचं यात मला अजिबात तडजोड नको वाटते: कॉटन नाही आणि जीन्स तर नाहीच. कॉटन पाणी धरून ठेवतं, वाळत नाही. साधा क्रिकेटवाल्यांचा पॉलिस्टर टीशर्ट आणि वर पातळ फ्लीस (मऊ लवदार पॉलिस्टरचं गरम जॅकेट), बस. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळपास पीतच नाही, फ्लीस ओलं झालं तर काढून पिळायचं, दोनदा झटकायचं आणि परत घालायचं, लगेच ऊब जाणवते. चालताना फ्लीस काढून ठेवा, थांबलात की घाला.

बुटांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. पावसाळी ट्रेकला वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वरून आत जातं आणि मग ते बाहेर येत नाही, दिवसभर डबक्यात पाय घालून चालल्यासारखं होतं, तळवे पांढरे पडतात आणि फोड येतात. जाळीचा, पाणी निथळणारा बूट आणि चांगली ग्रिप पाहिजे. शेवाळलेल्या कातळावर आपल्याकडच्या भटक्यांचा ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवर पूर्वीपासून विश्वास आहे, माझा पण आहे, दिसायला साधे पण सोल ओल्या दगडाला धरून राहतो. तरी पूर्ण हिरव्या शेवाळावर कुठलाच सोल टिकत नाही, तिथे बसून उतरायचं. आणि गेल्या वर्षीचे बूट माळ्यावरून काढले तर निघायच्या आधी सोल हाताने वाकवून बघा, पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा) सोल दमट हवेत पडून पडून कुजतो आणि वाटेत त्याचा भुगा होतो.

सॅकचं रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं, तिकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घाला, त्यात सगळं सामान, तोंड पिळून दुमडून टाका. रात्रीचा जोड, मोजे आणि झोपायची चादर यांना त्याच्या आत अजून एक पिशवी. हे कोरडे कपडे मुक्कामाशिवाय काढायचे नाहीत, आणि सकाळी निघताना कितीही नको वाटलं तरी कालचेच ओले अंगावर चढवायचे.

घरी आल्यावर जॅकेट ओलं घडी करून ठेवू नका, आतला पीयूचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने पाण्याचे थेंब ओघळून जायचे थांबतात आणि कापड पाणी प्यायला लागतं. पॉन्चो घ्यायला दुकानात जाताना स्वतःची भरलेली सॅक घेऊन जा आणि ती पाठीवर असताना घालून बघा. मागून गुडघ्याच्या वर उचलला जात असेल तर एक साइज मोठा घ्या.