जेरोफिट: सासऱ्यांच्या व्यायामवर्गाचा काही महिन्यांचा अनुभव

माझे सासरे व्हिएतनाम युद्धात लढलेले अमेरिकी सैनिक असून आज त्यांचे वय ७७ आहे. तोल जाऊन पडू लागल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेतील ‘जेरोफिट’ या व्यायामवर्गासाठी त्यांचे नाव सुचवले. गेले काही महिने ते व्हिडिओवरून हा वर्ग करतात आणि त्या वेळी मी शेजारी असते.

दुसऱ्या महायुद्धातील लाखो सैनिक एकाच सुमारास वृद्ध होणार, हे ओळखून अमेरिकेने १९७० च्या दशकापासून वार्धक्याविषयीचे संशोधन, शिक्षण आणि उपचार एकत्र आणणारी केंद्रे काढली. त्यांपैकी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम येथील केंद्रात १९८६ मध्ये जेरोफिट सुरू झाले.

एरवी वृद्धांना ‘झेपेल तेवढे चालत जा’ एवढेच सांगितले जाते. येथे आधी चाचणी होते. हातांची घडी छातीवर ठेवून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, हे मोजतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण ऐंशीच्या आतल्या पुरुषाला ११ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात. सासऱ्यांना ८ वेळाच उठता आले होते. त्यावरून त्यांचे व्यायाम ठरले आणि पुढच्या फेरचाचणीत आकडा १२ वर गेला. उठताना ते मांडीवर हात टेकवत, हे प्रशिक्षिकेने पडद्यावरच्या छोट्याशा चौकटीतूनही हेरले. ‘पाय मागे घ्या, पुढे झुका आणि मग उठा,’ एवढ्या सूचनेने त्यांची उठण्याची पद्धतच बदलली. इतके बारीक लक्ष मला इतरत्र क्वचितच दिसले आहे.

सतत ऑक्सिजन लागणाऱ्यांना किंवा स्मृती बरीच ढासळलेल्यांना मात्र या वर्गात सहसा घेत नाहीत. त्यामागचे सुरक्षिततेचे कारण मला पटते. तरीही ज्या घरांवर शुश्रूषेचा भार सर्वाधिक आहे तीच घरे बाहेर राहतात, ही उणीव मला मोठी वाटते. तोफांच्या आवाजाने ऐकू कमी येणाऱ्यांना व्हिडिओवरच्या सूचना नीट कळत नाहीत, म्हणून श्रवणयंत्र टॅबलेटला जोडून घ्यावे.

अमेरिकेतील ज्या मराठी घरांत वयस्क माजी सैनिक आहेत, त्यांनी नेहमीच्या डॉक्टरांकडे या वर्गाविषयी जरूर विचारणा करावी. घरी बिनहाताची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि सुरुवातीला कुणीतरी जवळ उभे राहावे.