मूराबिनला सर्किट शिकले : शिक्षक बदलला आणि पैसे वसूल झाले

आधी गुण सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. एक गुण पहिल्या शिक्षकाने घालवला, अर्धा बिलाने.

विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेचं नाव देत नाही. मेलबर्नच्या मूराबिन विमानतळावर अशा बऱ्याच शाळा आहेत. शेजारच्या डीएफओ मॉलमध्ये बूट घ्यायला गेलात की डोक्यावरून सेस्ना घरघरत जाते ना, तिच्यात बहुतेक वेळा माझ्यासारखंच कुणीतरी घामेजल्या हातांनी बसलेलं असतं.

मी सर्किटचं, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरायच्या सरावाचं, आठ तासांचं पॅकेज घेतलं. उडायचं, हजार फुटांवर धावपट्टीला समांतर उलटं यायचं (हा डाउनविंड), वळून बेस, पुन्हा वळून धावपट्टीसमोर आलं की फायनल, चाकं टेकली की परत वर. समांतर धावपट्ट्या दोन, त्यामुळे एक सर्किट पूर्वेला आणि एक पश्चिमेला. शनिवारी सकाळी आमच्याच बाजूला पाच विमानं होती.

मला वाटायचं कंट्रोल टॉवर आहे म्हणजे चौकातला हवालदार आहे, काळजी नाही. पण इथलं आकाश ‘क्लास डी’ या वर्गातलं. टॉवर नंबर लावून देतो, पुढचं विमान कुठे आहे ते सांगतो, धावपट्टी मोकळी आहे की नाही ते बघतो. डोळ्यांनी बघून उडणाऱ्यांनी हवेतलं अंतर मात्र आपलं आपण राखायचं. ‘नंबर तीन, बेसवरच्या वॉरियरच्या मागे.’ वॉरियर म्हणजे एक छोटं विमान. पांढरी वॉरियर आणि खाली राखाडी-पांढरी छपरं. शोधा!

पहिल्या शिक्षकाकडे सगळ्यावर एकच औषध: डाउनविंड लांबव. लांबवला की फायनलही तेवढाच लांबतो, आणि तिथे वेग कमी, म्हणजे वेळ आणखी जातो. शिवाय मागचे सगळे आपल्यामागे फरफटत येतात. त्या दिवशी 1.2 तासांत पाच लँडिंग झाली. मीटर इंजिन सुरू झाल्यापासून पळतो, उड्डाणाआधी रांगेत उभं राहण्याचेही पैसे. काउंटरवर विचारलं तर फॉर्म दाखवला. लिहिलं होतं खरं, मुंगीच्या अक्षरात.

तिसऱ्या तासाला दुसरे शिक्षक मिळाले. वयस्कर, बोलणं मोजकं. उडण्याआधी त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: 95 आणि 75. पुढचं विमान हळू दिसलं तर बेसची वाट बघू नकोस, डाउनविंडवरच पॉवर कमी कर, दहा डिग्री फ्लॅप (पंखामागच्या झडपा) टाक आणि 95 वरून 75 नॉटवर (ताशी सागरी मैल) ये. मिनिटभरात वीस नॉटचा फरक म्हणजे सहाशे मीटर, तेही सर्किट न लांबवता. दुसरं, बेसला वळायचं कधी? पुढचं विमान फायनलवर येऊन आपल्या पंखाच्या रेषेतून उलट दिशेने मागे गेलं की. मी खिडकीतून बघत राहिले. वॉरियर स्ट्रटमागे (पंखाला आधार देणाऱ्या दांड्यामागे) गेली, पंखाखालून सरकली. ‘आता,’ एवढंच म्हणाले. फायनलवर आले तेव्हा ती धावपट्टीवरून बाहेर वळत होती. एखादी गोष्ट जमली की आई ज्या सुरात ‘हं’ म्हणते, अगदी तसं ते ‘हं’ म्हणाले.

त्या तासाला आठ लँडिंग. नववं चुकलं, कारण पुढच्याने धावपट्टी सोडायला वेळ लावला. तीनशे फुटांवर मी पूर्ण पॉवर देऊन परत वर गेले. अंतर जमेना म्हणून फायनलवर नागमोडी वळायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं होतं. जमिनीजवळ कमी वेगात वळणं घेणं म्हणजे आगीशी खेळ.

विमान जुनं होतं पण नीट राखलेलं, फक्त उजवीकडचा हेडसेट खरखरतो. तिथली कॉफी पिऊ नका.

घ्यायचं असेल तर पहिले दोन तास मंगळवार-बुधवारचे मागा, हात बसू द्या. उरलेले शनिवार सकाळचेच घ्या. रिकाम्या सर्किटमध्ये हे शिकायला मिळत नाही. आणि सही करण्याआधी मीटर कशावर चालतो ते विचारून घ्या.