डिस्प्लेऐवजी फोन: ई-सायकल किट काही महिने वापरल्यानंतर

साध्या सायकलला मोटर लावायचं हे किट कुठल्या कंपनीचं, ते सांगत नाही. या प्रकारातली बहुतेक किटं आतून सारखीच असतात: मागच्या चाकात २५० वॉटची गियर्ड हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी), ३६ व्होल्टची बॅटरी, फ्रेमला मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा डबा आणि डिस्प्लेच्या जागी तुमचा स्वतःचा फोन. बसवणं, वायरिंग यावर भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडते. मला फक्त फोनबद्दल बोलायचंय. आणि आधी लिहून ठेवलेलं हे आजच टाकते आहे, कारण सर्व्हिसवाल्यांकडून उत्तर आलं: "तुमचा फोन जुना आहे, नवीन घ्या."

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. "फोनच कंट्रोलर" असं जाहिरातीत लिहिलेलं असलं तरी मोटर फोन चालवत नाही. मोटरमधल्या हॉल सेन्सरवरून रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कुठे आहे ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे मोटरच्या तीन फेजमध्ये, म्हणजे तारांच्या तीन गटांत, करंट सोडायचा, हे काम सेकंदाला हजारो वेळा चालतं आणि ते कंट्रोलरच्या डब्यातच होतं. ब्लूटूथच्या भरवशावर ते करताच येणार नाही. फोन फक्त सूचना देतो: असिस्ट लेव्हल (मोटरच्या मदतीची पातळी) ३ ठेव, करंट १२ अँपिअरच्या वर जाऊ देऊ नको, ताशी २५ किलोमीटरच्या वेगाला मदत थांबव. सूचना एकदा पोचली की पुढचं कंट्रोलरने सांभाळायला हवं. माझी सगळी तक्रार या "सांभाळायला हवं" वर आहे.

या किटमध्ये फोनचा संपर्क तुटला की काही सेकंदांत असिस्ट लेव्हल शून्यावर येते. फोन आला आणि स्क्रीन त्याने भरली, ॲप मागे गेलं, अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ते बंद करून टाकलं, की मोटर गप्प. सपाट रस्त्यावर चालून जातं. चढावर, कॅरियरवर सामान असताना, हाय गियरमध्ये पेडल मारत असताना मदत अचानक गेली की मोटर आणि बॅटरीसकट जड झालेली सायकल एकदम पायांवर येते. मागून गाड्या येत असतात. तोल सावरत उतरायचं, फोन अनलॉक करायचा, ॲप उघडायचं, कनेक्ट होण्याची वाट बघायची, लेव्हल पुन्हा लावायची आणि चढावर शून्यातून सुरुवात करायची. पाठीत घाम आणि डोक्यात राग.

सर्व्हिसला विचारलं तर म्हणाले, हे सेफ्टी फीचर आहे. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडते, कारण इतरांनाही हेच उत्तर मिळत असणार. फोनच्या स्क्रीनवर थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवणारा ॲक्सिलरेटर, असतं, तर संपर्क तुटल्यावर मोटर बंद व्हायलाच हवी. त्यात वाद नाही. पण इथे पेडल असिस्ट आहे. क्रँकवरच्या (पेडलच्या दांड्याजवळच्या) सेन्सरला पेडल फिरताना दिसलं तरच मोटर फिरते, आणि दोन्ही ब्रेक लिव्हरना वायरने जोडलेले कट-ऑफ स्विच आहेत. पाय थांबवले की मोटर थांबते, ब्रेक दाबला की थांबते. दोन्ही गोष्टी फोनला विचारत नाहीत. मग शेवटची लेव्हल तशीच राहिली तर धोका कुठला? उलट भर चढावर मदत काढून घेण्यातच धोका आहे. हे मी त्यांना लिहून पाठवलं. उत्तरात ॲप पुन्हा इन्स्टॉल करायला सांगितलं.

फोनमध्ये काय करता येतं तेही सांगते. ॲपसाठी बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, ॲप अलीकडच्या यादीत लॉक करा, निघताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, मागे पडलेल्या ॲपना झोपवण्याची व्यवस्था आहे आणि बऱ्याच फोन कंपन्या त्यावर आपली आणखी कडक व्यवस्था चढवतात. या सेटिंग्जनी त्रास कमी झाला, संपला नाही. ॲप लोकेशनची परवानगी मागतं म्हणून काहीजण घाबरतात. जुन्या अँड्रॉइडवर, ६ ते ११ पर्यंत, ब्लूटूथ उपकरण शोधायलाच ती परवानगी लागते. १२ पासून वेगळी परवानगी आली.

ऊन, पाऊस, हातमोजे याबद्दल थोडक्यात: उन्हात फोन तापला की स्क्रीन मंद होते, थेंब पडले की टच भरकटतो, पोलराइज्ड गॉगल घातला तर एका कोनात स्क्रीन काळी दिसते. हे गृहीतच धरा. चांगला फोन मात्र हँडलवर लावू नका. जोरदार मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनवर (फोटो हलू न देणाऱ्या यंत्रणेवर) परिणाम होऊ शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला आणि मोपेड-स्कूटरसाठीही कंपन शोषणारं माउंट वापरायला सांगितलं. सायकलला इंजिन नाही, पण खड्डे आहेत आणि सस्पेन्शन बहुधा नाही. म्हणूनच मी कपाटात पडून असलेला जुना फोन यासाठी काढला. तो सिमशिवाय चालतो, पडला तर जीव तुटत नाही. चार्जिंगची काळजीही नको: किटच्या बॅटरीवरून ५ व्होल्टचा यूएसबी निघतो, आणि स्क्रीन चालू ठेवून फोन घेऊन घेऊन दोन-तीन वॉट घेतो. ३६० वॉट-तासांच्या बॅटरीला ते जाणवतही नाही.

आता ज्यासाठी हे किट मी परत केलं नाही, ते. साध्या डिस्प्लेवर बॅटरीच्या पाच रेघा असतात, चढावर दोन गायब होतात, उतारावर परत येतात. ॲपमध्ये खरे व्होल्ट दिसतात. १० सेल ओळीने जोडलेला पॅक पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवतो, जोर पडला की आकडा खाली बसतो, जोर गेला की वर येतो. हा फरक रोज बघितला की पॅक किती थकलाय ते कळायला लागतं. त्याहून उपयोगी म्हणजे किलोमीटरमागे किती वॉट-तास गेले तो आकडा. टायरमध्ये हवा कमी झाली की तो चढतो, समोरून वारा असला की चढतो. पंप हातात घेण्याची आठवण मला आता हाच आकडा करून देतो.

एकदा मोटर अजिबात फिरेना. ॲपच्या कोपऱ्यात ब्रेकचं लाल चिन्ह सतत पेटलेलं दिसलं. लिव्हरमधलं मॅग्नेट सरकलं होतं, कट-ऑफ स्विचला वाटत होतं ब्रेक दाबलेलाच आहे. मॅग्नेट जागेवर चिकटवलं, मोटर सुरू. डिस्प्लेवाल्या किटमध्ये मी आधी कंट्रोलरवर संशय घेतला असता आणि पार्सलचा खर्च केला असता.

नंतरची भर. वरचं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात ॲपचं अपडेट आलं. आता उघडताना लॉगिन लागतं, म्हणजे इंटरनेट लागतं, आणि जुन्या अँड्रॉइडला पाठिंबा बंद. सुरुवातीला सांगितलेलं "नवीन घ्या" हे उत्तर याच्यावरचं. स्वतःच्या सायकलची लेव्हल बदलायला कुणाच्या सर्व्हरची परवानगी का लागावी? जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सची व्हॅनमूफ ही ई-सायकल कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सर्व्हर बंद पडले तर सायकल अनलॉक कशी करायची या चिंतेने लोकांनी आपापल्या डिजिटल किल्ल्या उतरवून ठेवायला सुरुवात केली. काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीने त्यासाठी ॲपच काढून दिलं. ते सगळं वाचलेल्या माणसाला लॉगिनची खिडकी बघून धडकी भरते. मी अपडेट काढून जुनी आवृत्ती परत टाकली आहे आणि त्या फोनचं वायफाय बंद ठेवते.

आणखी एक भर. बऱ्याच मेलनंतर सर्व्हिसमधल्या एका वेगळ्या माणसाने एकाच ओळीत सांगितलं की कंट्रोलरमधून निघालेल्या मोकळ्या कनेक्टरला तीन बटणांचा वायरवाला रिमोट लागतो. हा भाग त्यांच्याकडे पहिल्यापासून होता! तो लावल्यापासून लेव्हल बटणाने बदलते, फोन बंद असला तरी तशीच राहते, हातमोज्यातूनही दाबता येते. चढावरची भीती गेली. म्हणून आधी ठरवलेले दोन तारे बदलून चार देते आहे. पाचवा देणार नाही, कारण हा रिमोट खोक्यातच यायला हवा होता.

घेणाऱ्यांसाठी: पैसे देण्याआधी मागचं चाक उचलून धरा, लेव्हल लावा, कुणाला तरी हाताने पेडल फिरवायला सांगा आणि मोटर चालू असताना फोनचं ब्लूटूथ बंद करा. मोटर त्यानंतर किती वेळ चालू राहते ते बघा. मग पेडल फिरत असतानाच ब्रेक दाबून बघा.