जावा २५०: जुना पत्रा, नवा रंग आणि माळव्यातला एक अख्खा पावसाळा

जुन्या गाडीच्या इंजिनावर लोक भरभरून बोलतात, बॉडीचा विषय मात्र "रंग करून घेतला" एवढ्यावर संपतो. माझी साठच्या दशकातली जावा मोटरसायकल गेल्या दिवाळीनंतर रंगून उभी राहिली. तेव्हापासून इंदुरात राजेंद्रनगर ते सियागंज ती जवळपास रोज धावते आहे, भर पावसात जाम गेटमार्गे महेश्वरलाही जाऊन आली. आता बोलता येईल.

आधी भागांचं. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा बनवली, १९७३ पासून येझदी, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे आज "नवा मडगार्ड" म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा नक्कल असतो. शिवाय येझदीचे भाग "जावाला चालतात" म्हणून गळ्यात मारले जातात. काही चालतात, काहींची भोकं जुळत नाहीत. मला मागचा मडगार्ड भंगारात मूळचा मिळाला, पोचे आणि गंज यांनी भरलेला. पुढचा कुठेच मिळेना, म्हणून दिल्लीच्या करोल बागेतून नवा मागवला. दोघांना रंग एकाच हाताने, एकाच दिवशी लागला.

आज फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या पत्र्यावर रंग जसाच्या तसा आहे. नव्याच्या स्टे-बोल्टाभोवती (स्टे म्हणजे मडगार्डला धरून ठेवणारी दांडी) रंगाला केसासारख्या भेगा पडल्या आणि पावसाळ्यात तिथून गंज डोकावू लागला. नवा पत्रा पातळ, बोटाने वाजवला की कळतं. त्यात भोक थोडं सरकलेलं, म्हणजे बोल्ट आवळला की पत्रा कायम ताणात. अडीचशे सीसीचा एकच सिलिंडर त्याला दिवसभर थरथरवतो, मग रंग किती तग धरणार? म्हणून सांगतो, गंजलेला पण मूळचा पत्रा मिळत असेल तर तोच उचला, आणि काहीही घेतलं तरी रंगाआधी संपूर्ण गाडी कोरडी जोडून बघा. भोक तेव्हाच कानशीने मोठं करता येतं, रंगानंतर नाही.

जुन्या पत्र्याचं खरं श्रेय डेंटिंगवाल्या चाचांना. त्यांनी पोचे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून लपवले नाहीत, आतून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून हळूहळू ठोकून काढले. "लांबी कम, उमर ज़्यादा," एवढंच म्हणाले. लांबी लागली ती फक्त कातडीइतकी. खाली इपॉक्सी प्रायमर, वर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग.

मरून छटेसाठी कॅटलॉग उघडलाच नाही. टूलबॉक्सच्या आतल्या बाजूला ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथला मूळ रंग रबिंग कंपाउंडने घासून वर काढला आणि तो डबाच रंग मिसळणाऱ्याच्या दुकानात नेला. सोनेरी रेषा एका जुन्या पाटी रंगवणाऱ्याने ब्रशने ओढल्या, आणि त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला. टाकीवर पेट्रोल सांडतंच, रेषा उघड्या असत्या तर आतापर्यंत फिकट झाल्या असत्या.

पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवणं) मी सांवेर रोडला फक्त चेसिस आणि स्टँडला करून घेतलं. मजबूत आहे, शंका नाही. पण टाकीला ते करू नका. भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सियस तापमान असतं, आणि कथील-शिशाची झाळ १८३ अंशांच्या आसपासच वितळू लागते. टाकीला जुनी डागडुजी असली तर ती तिथेच सुटेल, लांबीही टिकणार नाही. चेसिस देताना नंबरावर आणि अर्थिंगच्या जागेवर टेप लावायला सांगा. जाड थराखाली नंबर वाचता आला नाही तर आरटीओत पंचाईत होते.

क्रोमचा अनुभव संमिश्र आहे. चमक क्रोमची, पण गंज अडवतं ते खालचं निकल, क्रोमचा थर नावापुरता असतो. टाकीच्या बाजू आणि हँडल उत्तम आहेत. हेडलाइटच्या रिंगच्या आतल्या कडेला मात्र मिरीएवढे ठिपके आलेत, कारण खोबणीत मुलामा नीट चढत नाही. तिथे आता मेण लावतो. सायलेन्सरचे बेंड निळसर झालेत. तो उष्णतेचा परिणाम आहे, मला तो आवडतो.

टाकीच्या आतला गंज खडी घालून हलवून आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिडने काढला. इपॉक्सीचा अस्तर थर मुद्दाम टाळला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते न मानवणारं अस्तर सुटून त्याचे पापुद्रे कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ शकतात. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी काठोकाठ ठेवतो. फिल्टर आजवर स्वच्छ निघाला आहे.

पुढचा मडगार्ड या हिवाळ्यात बदलायचा ठरवलंय. इंदूर, देवास, उज्जैनकडे कोणाकडे मूळचा पडला असेल तर कळवा. पोचे चालतील, गंजही चालेल, फक्त स्टेची भोकं फाटलेली नसावीत.